इर्याची कंबर आणि गावाची गटारं

सावीलाम्पी गावच्या शाळेत इर्या हुत्तुनेननं उभा जन्म मटाराच्या सुपाची पातेली उचलली. निवृत्त झाली तेव्हा पातेली शाळेतच राहिली. दुखणं तेवढं कंबरेला बिलगून घरी आलं. मलमं झाली, सुया झाल्या, पट्टे झाले. नवरा आल्पो सौना, म्हणजे घरची वाफेची खोली, तापवून म्हणायचा, "बस आत, पळेल." दुखणं सौनातही तिच्या शेजारीच बसायचं.

शेवटी दवाखान्यानं तिला सारा नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईकडे धाडलं.

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ म्हणायचे?" इर्या फणकारली.

"छे! दुखणं खरंच आहे," सारा म्हणाली. "पण आता दुखेल या धास्तीनं तुम्ही पाठ आवळून धरता. आवळली की आणखी दुखतं. ती सोडायची कशी, ते शिकू या."

तिनं पाठीला एका यंत्राच्या तारा चिकटवल्या. स्नायू आवळले की यंत्र किंचाळायचं, सैलावले की गप्प.

"डोळे मिटा. उबदार समुद्रकिनारा, मऊ वाळू..."

यंत्रानं टाहो फोडला. इर्याला वाळूचा तिटकारा. मग जंगल झालं; तिला डास आठवले. नातवंडांच्या नावानं तर यंत्र असं ओरडलं की दोघी ओशाळल्या.

सारा थकली. "जाऊ दे. काल काय केलंत?"

"आल्पोबरोबर पालिकेच्या सभेला गेले होते. तो सभासद पेन्टी गटाराच्या पाइपांवर बोलत होता. जाडी किती, उतार किती, परिशिष्ट क..."

यंत्र चिडीचूप.

"थांबू नका!" सारा पुढे झुकली. "परिशिष्टात काय होतं?"

झालं. इर्या दर सभेला जाऊ लागली. मागच्या खुर्चीत बसायची आणि लोण्यासारखी सैल व्हायची. पण सभासदांनी याआधी असा मन लावून ऐकणारा श्रोता पाहिला नव्हता. त्यांना चेव आला. पेन्टीनं नवा टाय आणला. एकानं मातृभूमीवर गळा काढला, दुसऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. इर्याच्या कंबरेत सणकन कळ गेली. ती उठली.

"पेन्टी, तमाशा पुरे! मुकाट्यानं गटारावर ये."

पेन्टी कानकोंडा झाला आणि चष्मा पुसून उतारांचा तक्ता वाचू लागला.

साराकडचे धडेही चालूच होते. एक दिवस तिनं तारा काढल्या. पुढं दुकानाच्या रांगेत उभं असताना पाठ आवळतेय हे इर्याला आपसूक कळलं. तिनं ती सोडली. यंत्र नाही, गटारं नाहीत. दुखणं गेलं असं नाही, पण ते असतानाही ती गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला जाऊ लागली. सभांना जाणं सुटलं ते सुटलंच.

एका दुपारी वेलदोडा घातलेल्या, वेणीसारख्या गोड पावाची पिशवी घेऊन पेन्टी बर्फ तुडवत तळ्यावर आला.

"आजारी होतीस की काय?"

"नाही रे. बरी आहे."

पेन्टीचं तोंड उतरलं. "असं होय! आम्हाला वाटलं, आमचं काही चुकलं. आता समोर नुसत्या खुर्च्या गं. बोलावंसंच वाटत नाही."

शेजारी गळ टाकून बसलेल्या आल्पोनं त्याला बसायला पालथी बादली दिली. पेन्टी बसला. जरा वेळानं त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

"यंदाचं रस्त्यांचं अंदाजपत्रक आहे. नुसता सुरुवातीचा भाग..."

"वाच," इर्या म्हणाली. "पण हळू. मासे पळतात."