अमेरिका, हॉलंड आणि सातेरीचा कौल

तर दोरी. काल दोरीपाशीच थांबलो होतो, जेवायची हाक आली म्हणून. माझ्या धाकट्याची, गोकुळदासाची मुलगी सुमंगला, हिने विहिरीच्या दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. दर रविवारी कळशी सोडायची आणि दोरी कुठवर कोरडी राहिली ते मोजायचं. वय वर्षं बारा. तिची आई जानकी म्हणायची, बोलावलं रांधायला की ही विहिरीत डोकं घालून बसलेली. पण डोंगरावरचा खाणीचा खड्डा जसजसा खोल जातोय तसतशी आपल्या सुपारीच्या कुळागरातली झर बारीक होतेय, हे घरात पहिल्यांदा सांगितलं ते त्या पोरीने. आम्ही मोठी माणसं तोवर पावसाला बोल लावत होतो. सुपारीची झाडं शेंड्यातून पिवळी पडली तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

पुढे पणजीला जाऊन तिने भूगर्भशास्त्र घेतलं. वर्गात मुली दोन. तिथून ती परदेशच्या विद्यापीठांना जी पत्रं लिहीत सुटली! रायटिंग पॅड मांडीवर, बूड जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तोंडाने इंग्रजी पुटपुटणं चालू. ही गोष्ट गोवा राज्य झालं त्याच्या पुढल्या वर्षाची. आमच्या गावात तेव्हा कोकणी की मराठी यावरून भांडून लोकांचे घसे बसले होते. कोणी कोणाच्या ओटीवर चढत नव्हतं. सुमंगलाला दोन विद्यापीठांची पत्रं आली आणि पुन्हा सगळे एका ओटीवर जमले. आता भांडायला अमेरिका की हॉलंड हे मिळालं होतं.

अमेरिकेचा अर्ज भरून घेतला होता माझ्या थोरल्याने, कृष्णनाथाने. तो वास्कोला एका खाण कंपनीच्या कचेरीत. पदवी खनिज काढण्याची, खर्च कंपनीचा, आणि परत आल्यावर पाच वर्षं खाणीवर साहेबीण. हॉलंडचा अर्ज तिने स्वतःच केला होता. पदवी जमिनीखालच्या पाण्याची, दोन वर्षांची, पोटापुरती शिष्यवृत्ती, पुढची नोकरी कुठे ते देवाला ठाऊक. दोन्हींना उत्तर त्याच महिन्यात जायला हवं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

शेजारचे दत्ताराम मास्तर चहात उंडा पाव बुडवत म्हणाले, पाणी काढायला शिकायला हॉलंड कशाला, आमची मोलकरीण शिकवील. सुमंगला हसली. म्हणाली, "काढायला नव्हे मास्तर, पाणी कोणी नेलं ते शोधायला." मास्तरांचा उंडा चहात विरघळला, त्यांना कळलंही नाही. मला तिने नकाशा काढून दाखवला: त्या लोकांनी समुद्राला बांध घालून शेतं केलीत, थेट आपल्या खाजनासारखी, मधे पाणी सोडायची दारंसुद्धा. म्हटलं, म्हणजे ती आपलीच माणसं की गो.

कृष्णनाथ मात्र ऐकेना. त्याने साहेबाला शब्द देऊन टाकला होता. गोकुळदास मोठ्या भावापुढे तोंड उघडणारा नव्हे. तो दिवसभर सुपाऱ्या सोलत बसायचा, सोललेल्यासुद्धा. शेवटी कृष्णनाथ म्हणाला, वाद नको, देवीला प्रसाद लावू. आमच्याकडे लग्न, घर, जमीन, काही अडलं की सातेरीपुढे जातात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, ज्याचा प्रश्न असेल त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी कुठल्या बाजूची पडते ते बघायचं. कौल मिळाला की तो मोडायचा नाही. माझ्या बापाच्या वेळी एकाने मोडला, तर त्याच्या घरी लोक वर्षभर जेवले नाहीत. हे सुमंगलाला चांगलं ठाऊक होतं. तरी ती केस विंचरून आमच्याबरोबर निघाली. मला वाटलं, झालं, पोर वाकली.

देवळाची तळी तीन वर्षं कोरडी होती. पाय धुवायला कंपनीने टँकर लावून दिला होता, त्याचं पाणी पिंपात. तिने पाय धुतले नाहीत, धूळभरल्या पायांनी सभामंडपात उभी राहिली. गुरव अनंत. त्याने उजवीकडे अमेरिका, डावीकडे हॉलंड अशा पाकळ्या लावल्या आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, गाऱ्हाणं कोणाच्या नावाने. सुमंगला पुढे झाली होती. पण कृष्णनाथ तिला हाताने मागे सारून म्हणाला, घरचा थोरला मी, माझ्या नावाने. मी घरचा म्हातारा तिथेच खांबाला टेकून उभा होतो, पण थोरलेपणाची घाई झालेल्याला बाप कुठला दिसतो! अनंताने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. ती म्हणाली, चालेल, काकांच्याच नावाने घाला.

मग कृष्णनाथाचं नाव, गोत्र, सगळं घेऊन गाऱ्हाणं झालं. समईची वात जरा हलली आणि उजवी पाकळी सुटून खाली आली.

अमेरिका. कृष्णनाथाने देवीला लोटांगण घातलं. जानकीने पदर डोळ्यांना लावला, आनंदाने की कशाने ते तिने आजवर सांगितलेलं नाही. अनंताने पाकळी तबकात घातली. सुमंगलाने ती उचलली, कपाळाला लावली आणि उठून उभ्या राहिलेल्या काकाच्या तळहातावर ठेवली. कृष्णनाथ म्हणाला, "आता तरी मान वाकवशील ना गो, देवीच्या शब्दापुढे?"

"वाकवली की, काका. गाऱ्हाणं तुमच्या नावाचं, कौल तुम्हाला मिळाला, तेव्हा अमेरिकेला तुम्ही जायचं. देवीचा शब्द मोडू नका. माझ्याबद्दल तिला कोणी विचारलेलंच नाही. आणि तिच्या तळीचं पाणी कुठे गेलं ते शिकायला निघालेय मी, मला ती कशाला अडवील? हॉलंडला येते म्हणून उत्तर गेल्या सोमवारीच टपालात टाकलंय."