फादरांना लागलंच नाही ते तेल

आमच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी मरणाला टेकलं की घरचे दोन गोष्टी लपवत. दुखणेकऱ्यापासून त्याचं दुखणं आणि फादरपासून दुखणेकरी. कारण फादर आले की खिशातून बोटाएवढी डबी काढणार, प्रार्थना म्हणत डोळ्यांना, कानांना, हातापायांना तेल लावणार. आणि ते तेल लागलेला माणूस पुन्हा चुलीपाशी येऊन बसलेला आमच्यात कुणी पाहिला नव्हता. "डबी आली, माणूस गेला," असं बायका सरळ म्हणत.

फादर यावर फार चिडत. "काहून रे बाबांनो? माणूस अर्धा मातीत गेल्यावर मला बोलावता, अन् मग तेलाला बोल लावता?" ते परदेशातून आलेले, पण सेनगावच्या बाजूच्या खेड्यांतून इतकी वर्षं फिरले होते की त्यांची मराठी आमचीच झाली होती. फक्त 'ळ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. हळदीला ते 'हलद' म्हणत आणि बायका हसल्या की मुद्दाम पुन्हा म्हणत.

मी तिथला मास्तर. शाळा घ्यायची आणि धर्मशिक्षण द्यायचं, ही माझी कामं. तेल आजाऱ्याला बळ देण्यासाठी असतं, मारण्यासाठी नव्हे, हे मी बारा वर्षं लोकांकडून घोकून घेतलं. कुणी चुकलं की त्याला अडाणी म्हणायला मी मागेपुढे पाहत नसे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आपल्यालाही लागू पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सेहेचाळीसच्या पावसाळ्यानंतर फादरांचे पाय सुजू लागले. मग पोटात पाणी झालं. हिंगोलीचे एक वयस्क हकीम दर पंधरा दिवसांनी टांग्याने येत, काढा देत, फादरांशी कबुतरांवर गप्पा मारत आणि जाताना माझ्याशी काहीच बोलत नसत. असं दीड वर्ष चाललं. माझी बायको त्यांना बिनमिठाची पेज करून देई. ते ती तोंड वाकडं करून पीत आणि तिला म्हणत, "बाई, तुमी मला बराबर संत करून राहिल्या."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हकीम जाताना थांबले. "मास्तर, जिसको बुलाना है, बुला लो," एवढंच म्हणाले आणि टांग्यात बसले.

मी आत गेलो तर फादरांनी कागद आधीच मागवून ठेवला होता. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. रेल्वेने दोन दिवसांच्या वाटेवर दुसरे एक फादर होते, त्यांना पत्र. तेल घेऊन या, मला शुद्ध आहे तोवर या. मी विचारलं, डबी तर तुमच्याकडेच आहे. ते म्हणाले, "न्हाव्याला आपलीच मान तासता येते का, मास्तर? दुसरा लागतो."

ते पत्र मी दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाऊन टाकायचं होतं. मी ते शाळेच्या हजेरीपटात ठेवलं.

का ठेवलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. ऊन फार आहे, वाटेवर रझाकारांचा धुमाकूळ चालू आहे, उद्या जाऊ. खरं कारण एकच होतं. पत्र गेलं की डबी उघडणार, आणि डबी उघडली की फादर जाणार. मला ते जायला नको होते. त्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज मागून घेतली, आणि मला वाटलं, बघा, पत्र नाही टाकलं तेच बरं झालं. ते विचारत, "गेलं का पत्र?" मी म्हणे, "गेलं." त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलत होतो आणि ते इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी शाळा झाडताना बायकोच्या हाती हजेरीपट आला. पत्र माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "लोकांला अडाणी म्हणत व्हता ना तुमी?" मी तसाच अनवाणी निघालो. टपालात पत्र पडलं, पण त्या दिवसांत रेल्वेचा भरवसा उरला नव्हता. कधी गाडी यायची, कधी यायचीच नाही. परत आलो तर सूज छातीपर्यंत चढलेली.

पुढचे सहा दिवस फादर दाराकडे बघत पडून होते. शेवटच्या दिवशी दुपारी म्हणाले, "त्यांना दोष देऊ नका, मास्तर. रस्ता वाईट हाय. यायला तकलीफ होत असंल." मग म्हणाले, "तुमी वाचा." मरणाऱ्यासाठीची प्रार्थना मी वाचायला घेतली. खोलीत आम्ही दोघंच होतो. ते ऐकत होते, शुद्धीत होते. पत्र मी दाबून ठेवलं होतं, हे सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी पान उलटलं आणि पुढे वाचत राहिलो. दिवस कलता कलता ते गेले.

दुसरे फादर माती दिल्यावर दोन दिवसांनी पोचले. वस्तीने रेल्वेला शिव्या दिल्या, मीही दिल्या. पुढे वर्षभराने त्याच फादरांपाशी मी गुडघे टेकून पापनिवेदन केलं. ते भले माणूस. ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही हे प्रेमापोटी केलंत."

मला त्यांचा राग आला. प्रेम होतंच, ते काय मला ठाऊक नव्हतं? पण आमच्या फादरांनी सगळं आयुष्य ज्याच्यावर टाकलं, ते त्यांच्या मास्तराला खरं वाटत नव्हतं. ते तेलाची वाट बघत होते, आणि मी ते येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकत होतो.