धुरपताबाईंनी काढलेली खोड

रूपराव वेल्डर. पिपरी मेघेत आमची भिंतीला भिंत लागून घरं. अर्ध्या वस्तीची फाटकं त्यानं जोडली, पण हौस एकच, मटणाच्या पट्ट्या धुरावर सुकवायच्या. त्यापायी मागच्या अंगणात तीन भट्ट्या. एक बायकोची, म्हणजे धुरपताबाईंची, मातीची. दुसरी त्यानं तेलाचा ड्रम कापून केलेली. तिसरी जुन्या कूलरच्या पत्र्याची पेटी, आत सळयांच्या जाळ्या, वर धुराडं. कोणी विचारो न विचारो, हा तिन्हींचे गुण सांगत बसायचा. मातीची चांगली, पण दिवसभर जवळ बसून राहावं लागतं. ड्रम झटपट तापतो, पण खालच्या पट्ट्या करपतात. कूलर मात्र राजा. धूर सगळीकडे सारखा आणि डोळ्यांना त्रास नाही.

धुरपताबाईंना हे राजेपण कधीच मान्य झालं नाही. "डरमातलं वातड होते, अन् तुमच्या कूलरातल्याले पत्र्याचा वास येते," असं म्हणत त्या दोन पट्ट्या जास्तच खायच्या. रूपराव हिरमुसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण ठोकत बसायचा. मला तर वाटतं, वेळेवर शाबासकी मिळाली असती तर हा गडी ड्रमवरच थांबला असता.

मग धुरपताबाईंच्या जिभेवर गाठ निघाली. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले, आणि तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, काहींची परत येते, काहींची नाही येत. उन्हाळा सरता सरता धुरपताबाई म्हणू लागल्या, "आली आता चव." वेड्या रूपरावनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. मटण आणलं, मलाही बोलावलं.

तिखट त्यांना चालत नव्हतं, म्हणून नुसतं हळद-मीठ लावायचं ठरलं. संध्याकाळी कूलरमधून पट्ट्या निघाल्या. त्यांच्यासाठी त्यानं गरम पाण्यात भिजवून बारीक तुकडे केले. मी एक पट्टी तोंडात टाकली. मीठच नव्हतं. आनंदाच्या भरात रूपराव मीठ लावायलाच विसरला होता. त्यानंही चावून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कसं झालं?" त्यानं बायकोला विचारलं.

"लय मस्त झालं," धुरपताबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रूपरावचं तोंड पाहवत नव्हतं.

"एखादी खोड तं काढ," तो म्हणाला. "तू मले असं कधी सोडत नाई."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं मन कसं राखावं, याचा त्या विचार करत होत्या. तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला.

"मीठ जरा जास्त पडलं," त्या म्हणाल्या.

रूपरावनं त्यांच्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला.

"पुढच्या बारीले कमी टाकतो," तो म्हणाला.