तिच्या वतीने

काजवालीची जीभ लहानपणापासून अडायची. वर्गात बाईंनी नाव विचारलं की पहिल्याच अक्षरावर ती खोळंबायची, तोंड लाल होईपर्यंत. मग शेजारची मुलगी उभी राहून तिचं नाव सांगून टाकायची. त्या मुलीच्या तोंडामुळे सगळे तिला तोफ म्हणायचे. कोणी काजवालीची नक्कल केली, तर तोफ त्याला मधल्या सुट्टीत बडवून काढायची. नक्कल करायचा हक्क तिने फक्त स्वतःकडे ठेवला होता, आणि ती हुबेहूब करायची.

पुढे दोघी शर्टांच्या एकाच कारखान्यात लागल्या. ही काज पाडायची, म्हणून काजवाली. तोफ त्याच शर्टांना बटणं लावायची. मशिनी शेजारी, खोल्या समोरासमोर. पगारवाढ मागायची तर तोफेने, डॉक्टरला हिचं दुखणं सांगायचं तेही तोफेने.

"हिच्या भरवशावर राहिलं तर पेशंट वर जाईल आणि वाक्य खालीच राहील!" तोफ म्हणायची.

सगळे हसायचे. काजवालीही हसायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कटिंग मास्तर दोघींसमोर येऊन उभा राहिला. विधुर, शांत माणूस. त्याने थेट काजवालीला विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

काजवालीचे ओठ थरथरले. शब्द ओठांवर आला होता, फक्त सुटायचा होता.

"नाही म्हणतेय ती," तोफ म्हणाली. "तिला नाही पडायचं असल्या फंदात. हो ना गं?"

मास्तर मान खाली घालून निघून गेला. वर्षाच्या आत त्याने दुसरीकडे लग्न केलं.

"त-तू का..." काजवालीने तिला एकदाच विचारलं होतं.

"तुझ्या भल्यासाठी. आणि तू गेलीस तर मी बोलू कुणाशी?" तोफ डब्याचं झाकण लावत म्हणाली. पुढच्या वर्षी तिने स्वतःचं लग्न उरकलं.

तिला मुलगा झाला. काजवालीने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, ती त्याची मावशी झाली, आणि मास्तरबद्दल तिने पुन्हा ब्र काढला नाही. काजवालीला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी बसून होती तीही तोफच. त्यामुळे काजवालीला धड भांडताही येईना आणि धड विसरताही येईना.

दोघींचे केस पिकले. तोफेचा नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. एका सकाळी दूध तापवताना तोफ कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण हो-नाहीतसुद्धा गोंधळ होईल, मान हलवली तरी त्यावर विसंबू नका.

मुलगा धावत आला. तोफ घशातून एकच आवाज काढत, डाव्या हाताने त्याचा शर्ट ओढत राहिली.

"मावशी, काय म्हणतेय ही? बायको कुरकुर करेल, पण मी नेतो घरी. तुम्हालाच हिचं कळतं."

काजवालीला कळत होतं. ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"ति-तिला..." मुलगा थांबला. घाई करणारं कुणी नव्हतं. "तिला तुझ्यावर ओ-ओझं नाही व्हायचं. सं-संस्थेत ठेव म्हणतेय."

तोफेने जोरजोरात आडवी मान हलवली.

"बघ, हो म्हणतेय. डॉक्टर म्हणालेच ना, उ-उलटं होतं तिचं."

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याचीच त्याला लाज वाटली आणि त्याने मावशीचे हात घट्ट धरले.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची ती संस्था गावाबाहेर होती. हॉलभर खाटा, फिनाइलचा वास, आणि खिडक्या इतक्या उंच की पडल्यापडल्या नुसतं आभाळ दिसावं. काजवाली दर रविवारी जायची. तोफेचे केस विंचरायची, नखं कापायची, संत्र्याच्या फोडी सोलून भरवायची. आणि बोलायची. जन्मात बोलली नव्हती इतकं. मास्तरला मुली झाल्या, त्या कशा दिसतात, कुठे दिल्या.

"मी हो म्हणणार होते," तिने पहिल्याच रविवारी सांगितलं. मग दर रविवारी.

तोफेच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. आया म्हणायची, "काय मैत्री आहे बाई! तुम्ही आलात की आनंदाने रडतात बघा."

मुलाचे फोन विरळ होत गेले. बोलायला शिकवणारी एक बाई संस्थेत यायची. तिने महिनोन् महिने खटपट केली आणि तोफेला एक शब्द जमला. काजवाली आली तेव्हा आयेने दारातच बातमी दिली.

काजवाली खाटेशी बसली. तोफेने तोंड वाकडं केलं. कपाळावर घाम फुटला, मानेची शीर ताठ झाली.

"जा."

"बोलल्या! बघा, बोलल्या!" आयेने टाळ्या वाजवल्या.

काजवालीने पिशवीतून कंगवा काढला. "भे-भेटायची वेळ सहापर्यंत आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.