रिकाम्या टॉवरमधली ओटी

विभावरीच्या जिभेला हाड नाही असं तिचा नवरा म्हणतो. म्हणो बापडा! पण २००९ साली दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या टॉवरमध्ये माणसांत जी काही बोलचाल उरली होती, ती या बाईमुळेच. मंदीने एकेक मजला रिकामा करत आणला होता. आज याची नोकरी गेली, उद्या त्याची कंपनीच बंद! संध्याकाळी खालून बघावं तर उजेडाची खिडकी शोधावी लागे. उरले कोण, तर बायका-मुलांना गावी पाठवून चार-चार जण एका फ्लॅटमध्ये राहणारे बाप्ये. म्हातारं माणूस औषधालाही नाही, रांगतं मूल नाही. विभावरीची इरा झोपाळ्यावर एकटीच बसून यायची. "मम्मा, देअर इज नोबडी टू प्ले विथ," म्हणायची.

त्यात सहाव्या मजल्यावरच्या विनिताला सातवा लागला. तिचा नवरा सुदेश याची नोकरी टिकली होती, पगार मात्र निम्म्यावर आला होता. विनिताची आई गुडघ्यांनी अधू, ती येण्यातली नव्हती. शेवटी पोरीने पुण्याचं तिकीटच काढलं. "ताई, बाळंतपणाला जाते आणि येते."

"येते म्हणे!" विभावरी तडकलीच. "असं म्हणून गेलेली एक तरी परत आली का गं? सहा महिने उलटले की व्हिसा खलास. मग तू तिकडे, सुदेश इकडे, आणि बाळाला बाप फक्त फोनवर!"

विनिताचे डोळे भरून आले. "मग काय करू? माहेरचं एक माणूस नाही इथे. मला भीती वाटते हो ताई."

पण हात टेकेल ती विभावरी कसली! "तुझं डोहाळजेवण इथेच करते, अगदी थाटात. मग ठरव जायचं की नाही ते," म्हणाली, आणि पाच सवाष्णी शोधायला निघाली.

लिफ्टने वर गेली आणि जिन्याने एकेक मजला उतरत बेल वाजवत सुटली. काय सांगू महाराजा! दार उघडलं की बनियनवाला. पुढचं दार, लुंगीवाला. त्यापुढचा अर्धी दाढी केलेला, साबणासकट. मराठी सवाष्ण म्हणाल तर ती स्वतः. केरळची नर्स होती, तिची ड्यूटी. हैदराबादच्या हव्वाबी तेवढ्या "आऊंगी ना" म्हणाल्या. विभावरी पाय ओढत तळमजल्यावर आली आणि वॉचमन दौलतवरच घसरली. "बाईमाणूस कुठंय रे या बिल्डिंगमध्ये? नुसते बाप्येच बाप्ये! ती पोर माहेरचं कुणी नाही म्हणून रडतेय, आणि मी ओटी कुणाकडून भरून घेऊ?"

संगमेश्वरकडचा दौलत. ती लिफ्टमध्ये शिरली तसा तो जिना चढायला लागला.

शुक्रवारी विनिताला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. विभावरीने ओटी भरली. मग तिच्या सांगण्याबरहुकूम हव्वाबींनी भरली, वर स्वतःकडच्या हिरव्या बांगड्याही चढवल्या. झालं, संपल्या बायका! विनिता दाराकडे बघत राहिली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात दौलत, डोक्याला चपचपीत तेल, हातात नारळ. मागे जिन्यापर्यंत सगळे बनियनवाले-लुंगीवाले, इस्त्रीचे शर्ट घालून.

"वहिनी, ओटी आमी भरली तर चालंल काय? रीतीत बसत नाय, ठावं हाय मला."

विभावरी थबकली. बाप्यांनी ओटी भरायची? ऐकलंय का कधी कुणी! दौलत खाली बघून म्हणाला, "माज्या बायकोची ओटी भरली तवा मी हितं होतो. पोरगी आता चालाय लागली. अजून बगितली नाय मी तिला."

अरे देवा! विभावरीला स्वतःचाच राग आला. ती सवाष्णी शोधत मजले पालथे घालत होती, आणि दार उघडायला येणारे हे सगळे कुणा ना कुणा बाईचे भाऊच होते की. "यल्ला, चला, या आत!" ती ओरडली. "चपला बाहेर काढा आधी!"

दौलतने डोक्यावर रुमाल घेतला. विनिताच्या पदरात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. मागून पंजाबी इलेक्ट्रिशियन "पहले चावल कि पहले नारियल?" विचारत होता आणि हव्वाबी आता जन्माच्या अनुभवी असल्यासारख्या त्याला शिकवत होत्या. हसता हसता विनिता रडायला लागली. पदर जड झाला, तिला आवरेना.

"सुदेश," ती म्हणाली, "तिकीट रद्द कर. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना? मग एवढे भाऊ सोडून मी कुठे जाऊ?"

सुदेशने डोळे पुसले आणि तिकीटवाल्याला लावायला फोन उचलला. दौलत मात्र जाता जाता दाराशी घुटमळला.

"ताई, बाळ घरी आणलं की एकदा माज्या हातात द्याल?" तो म्हणाला. "माजी पोर येवडी असताना हाताला कशी लागली असती, तेवडं तरी कळंल."

"देईन दादा," विनिता म्हणाली. "सगळ्यांत आधी तुमच्याच हातात देईन."