रिकाम्या चिपवरचा अंगठा

"मॅडम, मसाल्यान रंग कुठशी येल? मिरची माझ्या डोल्यांसमोर कांडतान!"

मंजुळाताई भोईर रिसेप्शनला उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या. त्या बाळकुमच्या. शेतावर टॉवर झाले, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आगरी मसाल्याचं कांडप सुरू केलेलं, गावच्याच बायका हाताशी घेऊन. दुकानांच्या एका चेनने त्यांचा माल अडवला आणि सॅम्पल आमच्या डोंबिवली एमआयडीसीतल्या लॅबला पाठवलं. संशय ऱ्होडामिन बी या रंगाचा. कापड रंगवायचा हा गुलाबी-लाल रंग, खाण्यात त्याला बंदी. तो निघाला तर लायसन्स जाणार, कांडप बंद होणार, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

आणि तो रंग मला सकाळीच सॅम्पलमध्ये सापडलेला.

"मग अडलंय कुठे? रिपोर्ट सोड," आमचे करंदीकर म्हणाले. ते लॅबचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घाई अंगात मुरलेली.

"ब्लँक बाकी आहे, सर."

"तुझं ते ब्लँक पुराण!"

आमचं मशीन म्हणजे रेणूंचा वजनकाटा, मास स्पेक्ट्रोमीटर. नमुन्यावर लेझर मारायचा, रेणू उडतात, यंत्र त्यांची वजनं सांगतं. एरवी लेझरची ऊर्जा शोषायला नमुन्यात एक मदतनीस रसायन मिसळतात. पण लहान रेणू शोधताना हा मदतनीसच मध्ये कडमडतो, त्याचे तुकडे नेमके तिथेच दिसतात. म्हणून आम्ही सिलिकॉनची काळी चिप वापरतो. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांचं रान असतं. त्या सुयाच लेझर शोषतात आणि रेणूला वर फेकतात. फायदा असा, की कणभर माल पुरतो. तोटाही तोच. या सुया कशालाही सोडत नाहीत. हवा, घाम, क्रीम, जे लागेल ते धरून ठेवतात.

ब्लँक म्हणजे रिकामी चिप. तिच्यावर काही टाकायचं नाही, तशीच मशीनमध्ये घालायची. पडदा सपाट दिसायला हवा.

सपाट नव्हता. ४४३ या वजनावर सुळका उभा होता. ऱ्होडामिन बीची जागा.

म्हटलं, मशीन घाण झालं असेल. प्लेट धुतली, आतला भाग पुसला, दुसरी चिप घातली. तिच्यावरही ४४३. तिसरीवर तर सॅम्पलपेक्षा उंच. चौथीवर काहीच नाही. मग पुन्हा आहे.

अहो, घाण असती तर सगळीकडे सारखी आली असती. हे कुठे होतं, कुठे नव्हतं, जणू कुणी हात फिरवून गेलंय. मी एकटीच होते त्या खोलीत. भर दुपार, बाहेर टेम्पोचे हॉर्न, आणि तरी अंगावर काटा आला. शेजारी वैद्य सरांची खुर्ची. सर दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी गेले. हार्ट. मशीन त्यांनीच उभं केलेलं. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही. मीसुद्धा पिशवी ठेवायची ती खाली.

या चिप्स आम्ही एका मोठ्या गोल चकतीतून कापतो. उरलेल्या मी कापल्या त्याच क्रमाने शेजारी शेजारी लावल्या आणि मशीनला सांगितलं, कणाकणाने सगळ्यांवरून फीर आणि ४४३ जिथे असेल तिथे ठिपका काढ.

हळूहळू चित्र उमटत गेलं. वळसे, त्याबाहेर वळसे. आणि मधून तिरका एक चर.

"करंदीकर सर!" मी हाक मारली.

ते आले, बघितलं आणि मटकन बसले. त्या खुर्चीत नव्हे, स्टुलावर.

"हा वैद्यांचा अंगठा आहे," ते म्हणाले.

अख्ख्या कंपनीला तो माहीत होता. सिलिकॉनच्या धारेने कापलेला. त्या चरामुळे गेटवरचं हजेरीचं मशीन त्यांना रोज नाकारायचं, आणि सर रोज ओरडायचे, "अरे मीच आहे रे बाबा, मीच!"

"पण ही चकती मी गेल्या आठवड्यात डब्यातून काढली," मी म्हटलं. "सरांनी हिला हात लावलेलाच नाही!"

करंदीकरांनी हळूच नमस्कार केला. मला राग आला. घाबरले की मला राग येतो. खाली एका बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि इथे नमस्कार! मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि खटकलं. अंगठ्याचा ठसा नेहमी उलटा उमटतो, शिक्क्यासारखा. हा सुलट होता. सरांचा चर डावीकडून खाली यायचा, इथेही डावीकडूनच. जणू ठसा नाही, सर अंगठाच पुढे करून दाखवतायत.

म्हणजे ठसा आधी दुसरीकडे उमटला होता. तिथून इथे लागला.

चकत्यांचा डबा उघडला. त्यात एकावर एक थप्पी असते, दर दोन चकत्यांमध्ये एक कागद. सगळ्यात वरची अजून जागेवरच होती, कारण ती दसऱ्याला सरांनी पूजा केलेली. ती वापरायला कुणाचाच हात धजेना, म्हणून मी खालची ओढलेली. वरची उलटी केली. तिच्या पाठीवर, चकचकीत बाजूला, अंगठ्याचा फिकट गुलाबी ठसा. सरांनी कुंकू पाठीला लावलेलं, पुढच्या सुया खराब होऊ नयेत म्हणून! तेवढी काळजी घेतली, आणि मधला कागद परत घालायला विसरले. वरचीची पाठ खालचीच्या तोंडावर महिनोन् महिने टेकून राहिली.

पूजेच्या डबीतली कुंकवाची चिमूट तपासली. बाजारचं कुंकू, त्यात हाच रंग. ४४३.

"काय माणूस होता," करंदीकर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मग थप्पीतली पार तळाची चकती काढली. आधी ब्लँक घेतला. सपाट. मग मसाला. मिरचीचं सगळं दिसलं, ४४३ची जागा कोरी. तीनदा घेतलं, कोरीच.

रिपोर्ट द्यायला मी स्वतः खाली गेले. मंजुळाताई अजून उभ्याच. "काय नाय निघाला," मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. उशीर का झाला तेही मी सांगितलं. लपवणार कसं?

त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता भांडणार. हक्कच होता.

"त्या सायबांनी तुमच्या मशीनचा बरा होऊ दे म्हनूनच लावला ना?" त्या म्हणाल्या. "मंग त्यांना काय बोलू नका."

आता दसऱ्याला आम्ही मशीनच्या खोलीबाहेर दाराला झेंडूचं तोरण लावतो. कुंकू आत येत नाही. वरची चकती अजून आहे, वेगळ्या डब्यात. नवीन येणाऱ्यांना मी एवढंच शिकवते, की कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी रिकामी चिप चालवून बघा. त्यावर काही उमटलं तर घाबरा हवं तर, पण रिपोर्ट सोडू नका.