आमच्यात सगळ्यांचा सी एकच

पप्पा लग्नाच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवतात. वरातीत काय वाजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लहानपणी मरोळच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे ते जॅझ शिकले, हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत. सुट्टीच्या दुपारी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते कपाट उघडून सॅक्सोफोनचा भोंगा कपड्यांत खुपसतात आणि जॅझ वाजवतात. ऐकायला आई, मी आणि माझे ड्रेस.

अंधेरीच्या माझ्या कॉलेजात जॅझची संध्याकाळ ठरली आणि सॅक्सोफोनवाला मिळेना, तेव्हा मी हात वर केला. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हात वर करायला मला वेळ लागतो. पप्पांनी त्या दिवशीच्या लग्नाची सुपारी दुसऱ्याला देऊन टाकली.

तालमीला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, "सी मधून घेऊया." गिटार आणि कीबोर्डवाल्या पोरांनी सी हा सूर धरला, पप्पांनी फुंकर मारली आणि सगळं बेसूर झालं. पप्पा लगेच थांबले. काहीतरी सांगायला त्यांनी हात वर केला. तेवढ्यात गिटारवाला म्हणाला, "काका, वरातीत चालतं हे. इथे लोक ऐकतात."

पोरं हसली. पप्पांनी हात खाली घेतला, सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला.

रिक्षात त्यांनी सांगितलं. टेनरवरचा सी म्हणजे कीबोर्डवरचा बी फ्लॅट. बँडमध्ये ट्रंपेट, क्लॅरिनेट, टेनर, सगळे तसेच, त्यामुळे तिथे सी म्हटलं की सगळ्यांचा एकच. "सवयीने बोलून गेलो गं. एक सूर वर घेतला असता तर जमलं असतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघत होतीस."

या वाक्याचा राग मला अजून येतो. पप्पांचा नाही, माझा.

दुसऱ्या दिवशी मी गिटारवाल्याला गाठलं. रात्री पाठ केलं होतं, तरी अडखळले. वाद्याचा फरक आहे, पप्पांची चूक नव्हती, त्यांना परत बोलवा, असं कसंबसं सांगितलं. त्याने मान हलवली. "अगं चिल ना यार. कीबोर्डमध्ये सॅक्सोफोनचा आवाज असतो. झालंय आमचं." ज्या गोष्टीवरून त्याने माझ्या बापाला हसून घालवलं, ती त्यालाच माहीत नव्हती. माहीत झाल्यावरही त्याला काही वाटलं नाही.

कार्यक्रमाला मी गेले. पप्पा घरीच होते, सुपारी परत मिळाली नव्हती. कीबोर्डमधून नाकात बोलल्यासारखा सॅक्सोफोन निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसले. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खाली बघितलं नाही. पण तेव्हा पप्पा तिथे नव्हते.